एकच मजकूर, अनेक भाषा : भाषांतरांच्या जोडणीचा इतिहास

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मलकापूर येण्याआधी बोदवड लागते. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडचे हे तालुक्याचे गाव. या मार्गावरील गावांची नावे मराठीत व हिंदीत कशी लिहितात, हे आपण पाहू. मराठीत भुसावळ, हिंदीत भुसावल. मराठीत जळगाव, हिंदीत जलगाँव. एका अक्षरावरून भाषा ओळखता येते. बोदवडचे मात्र तसे नाही. मराठीत बोदवड आणि हिंदीतही बोदवडच. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि विद्यार्थ्यांना विचारले, "यांतली मराठी कोणती?" तर काय उत्तर मिळेल? उत्तर देता येणारच नाही, कारण ते त्या अक्षरांत नाहीच.

हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला तो बोदवड परिसरातील एका शाळेत. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयी बोलण्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर या किडीची माहिती इंग्रजी, हिंदी व मराठी अशा तीन भाषांत आहे. मराठी भाषांतर आम्ही स्वतः मोठ्या कष्टाने केले होते. 'कोष' शब्द ठेवायचा की नाही, 'फेरोमोन सापळा' याला शेतकरी 'कामगंध सापळा' म्हणतात की नाही, यावर आमच्यात तास-तास चर्चा झाल्या होत्या. नववीतील एका मुलीला आम्ही ते पान भ्रमणध्वनीवर शोधायला सांगितले. बहुतेक जण करतात तसे तिने किडीचे इंग्रजी नाव रोमन अक्षरांत टंकले. समोर आले ते आमचेच इंग्रजी पान. तिच्या यंत्राची भाषा मराठी होती आणि मराठी पान त्याच संकेतस्थळावर होते, तरीही ते दिसले नाही. मुलीने दोन ओळी वाचल्या आणि यंत्र खाली ठेवले. "सर, हे आपल्यासाठी नाही," ती म्हणाली.

चूक शोधयंत्राची नव्हती, आमची होती. ही तीन पाने एकाच मजकुराची तीन रूपे आहेत, हे आम्ही कोठेही लिहून ठेवले नव्हते. ते कसे लिहायचे याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत.

दगड स्वतःच सांगतो

भाषांतरे एकत्र ठेवण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे ती एकाच वस्तूवर कोरणे. इजिप्तमधील रोझेटा येथे १७९९ साली सापडलेला शिलालेख प्रसिद्धच आहे. तो इ.स.पू. १९६ मधील आहे. त्यावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत आहे : इजिप्तची चित्रलिपी, तेथलीच व्यवहारातील डेमोटिक लिपी आणि ग्रीक. भाषा मात्र दोनच, इजिप्शियन व ग्रीक. शाम्पोल्यॉं याने १८२२ साली चित्रलिपी वाचली, ती या लेखाच्या आधाराने, हे आपण शाळेत शिकवतो. पण एक गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. हे तीन मजकूर एकच आहेत हे अभ्यासकांना कसे कळले? ग्रीक मजकुराच्या शेवटी तसे लिहिलेलेच आहे. ही आज्ञा पवित्र लिपीत, लोकांच्या लिपीत आणि ग्रीक लिपीत कोरावी, असा त्यात आदेश आहे. म्हणजे मजकुराने आपल्या भावंडांची नावे स्वतःच सांगितली आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडचे उदाहरण पाहू. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात वंशातील नहपान या राजाची असून त्यांतील पुष्कळशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यांवर त्याचे नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत आढळते. पण तिन्हींमधील भाषा एकच, प्राकृत. ग्रीक अक्षरांत ग्रीक भाषा नाही, प्राकृत शब्दच त्या अक्षरांत लिहिले आहेत.

आता याच्या उलट उदाहरण. दहा रुपयांची नोट हातात घ्या. मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे आणि त्यांखेरीज नोटेवर हिंदी व इंग्रजी आहेतच. एकूण सतरा भाषा. यांपैकी मराठी, कोकणी, नेपाळी, संस्कृत आणि हिंदी या पाच भाषा नोटेवर देवनागरीत छापलेल्या आहेत. नहपानाच्या नाण्यावर भाषा एक आणि लिप्या तीन, नोटेवर लिपी एक आणि भाषा पाच. यावरून एक निष्कर्ष निघतो : लिपी म्हणजे भाषा नव्हे. लिपी ओळखली म्हणून भाषा ओळखली असे होत नाही.

क्रमांकाची युक्ती

एकाच वस्तूवर सतरा भाषा मावतात, पण सातशे मावत नाहीत. ही अडचण जॉर्ज ग्रियर्सन (१८५१–१९४१) यांना आली. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत १७९ भाषा व ५४४ बोली नोंदल्या आहेत. या सर्वांची तुलना करायची तर सर्वांकडून एकच मजकूर मिळायला हवा. म्हणून बायबलमधील उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत व बोलीत भाषांतरित करून मागवण्यात आली. तिच्या जोडीला २४१ शब्द व वाक्यांची एक ठरलेली यादी होती. यादीतील प्रत्येक नोंदीला क्रमांक होता.

या क्रमांकाचे महत्त्व मोठे आहे. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी मात्र मराठीसोबत नाही. ती भिल्ली बोलींबरोबर १९०७ सालच्या दुसऱ्याच भागात आहे. पुस्तके दोन, मधे दोन वर्षांचे अंतर, तरी एका क्रमांकाचा शब्द दोन्हीकडे काढून शेजारी ठेवता येतो. मराठीच्या खंडात खानदेशीचे नाव घ्यावे लागत नाही आणि खानदेशीच्या खंडात मराठीचे. दोघेही एका तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे क्रमांकाशी बांधलेले आहेत. क्रमांक कोणत्याच भाषेतला नसतो, आणि यातच त्याचा उपयोग आहे.

संगणकाला भाषा कशी कळते?

संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक संख्या. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे निघू लागली तेव्हा अनेकांनी आपापले वेगळे टंक वापरले. एका टंकातील 'क' दुसऱ्या टंकात भलतेच चिन्ह होऊन उमटे. शोधयंत्राला तो मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसे. युनिकोडचा वापर वाढल्यावर ही अडचण दूर झाली.

पण युनिकोड संख्या देते ती अक्षराला, भाषेला नव्हे. मराठीतला 'ब' आणि हिंदीतला 'ब' यांची संख्या एकच. त्यामुळे 'बोदवड' हा शब्द संगणकात दोन्ही भाषांत तंतोतंत सारखा साठवला जातो.

मग भाषा ओळखायची कशी? विल्यम कॅव्हनार व जॉन ट्रेंकल यांनी १९९४ साली एक सोपी व परिणामकारक पद्धत मांडली. मजकुरातील एक, दोन, तीन अशा लागोपाठच्या अक्षरांचे गट मोजायचे आणि कोणते गट अधिक वेळा येतात ते पाहायचे. मराठीत 'ळ' वारंवार येतो, 'आहे' येते, शब्दान्ती 'च्या' येतो. हिंदीत 'है' येते, 'ड़' येतो. पानभर मजकूर असला तर ही पद्धत क्वचितच चुकते. पण शोधताना आपण पानभर लिहीत नाही. समजा कोणी 'बोदवड तापमान' असे दोन शब्द टंकले. हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. मोजायला काही उरतच नाही. अशा वेळी अंदाजापेक्षा स्पष्ट खूण हवी.

अशा खुणा आधीपासून होत्या. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली भाषांसाठी दोन रोमन अक्षरांचे संकेत प्रसिद्ध केले. मराठीसाठी एम-आर, हिंदीसाठी एच-आय. इंटरनेटवर हे संकेत कसे वापरावेत याचे पहिले टिपण मार्च १९९५ मध्ये निघाले. या खुणा वापरताना थोडी सावधगिरी लागते. भाषांच्या यादीत एम-आर म्हणजे मराठी, पण देशांच्या यादीत तीच अक्षरे आफ्रिकेतील मॉरिटानियाची आहेत. देशांच्या यादीत आय-एन म्हणजे भारत. भाषांच्या यादीत मात्र तो पूर्वी इंडोनेशियन भाषेचा संकेत होता. १९८९ साली तो बदलून आय-डी करण्यात आला. म्हणून 'पान भारतासाठी आहे' एवढेच लिहिल्याने भाषा कळत नाही. आधी भाषा लिहायची, देश हवा असल्यास नंतर.

सोयरीक दोन्ही घरांनी कबूल करावी

पानाची भाषा कळली तरी काम अर्धेच झाले. या पानाचे दुसऱ्या भाषेतील रूप कोठे आहे, हेही सांगायला हवे. यावर एक उपाय असा सुचतो : वाचकाचे यंत्र पान मागताना आपल्या पसंतीच्या भाषा कळवते, त्यावरून संकेतस्थळाने योग्य रूप पाठवावे. ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे. पण संकेतस्थळे वाचत फिरणारी शोधयंत्राची आज्ञावली सहसा अशी पसंती कळवत नाही. तिला जे एक रूप मिळते तेच ती नोंदवते. बाकीची रूपे तिच्या लेखी अस्तित्वातच नसतात. म्हणून प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता असणे आणि त्या पत्त्यांची आपसांत जोडणी असणे, दोन्ही आवश्यक ठरतात.

डिसेंबर १९९७ मध्ये वेबपाने लिहिण्याच्या भाषेची चौथी आवृत्ती आली. तीत 'या पानाचे पर्यायी रूप अमुक पत्त्यावर, अमुक भाषेत आहे' असे लिहिण्याची तरतूद होती. तिचे नाव 'एचरेफलँग'. गूगल या शोधयंत्राने २०१० साली मर्यादित रूपात आणि डिसेंबर २०११ मध्ये व्यापक रूपात ही खूण वाचण्यास सुरुवात केली. एप्रिल २०१३ मध्ये आणखी एक खूण आली : वाचकाची भाषा आपल्याकडे नसेल तर त्याला कोणते पान दाखवावे, हे सांगणारी.

याचे नियम थोडे आहेत, पण त्यांमागील विचार पाहण्यासारखा आहे. पहिला नियम : प्रत्येक पानाने इतर रूपांबरोबर स्वतःचेही नाव यादीत लिहावे. दुसरा नियम : जोडणी दोन्ही बाजूंनी हवी. मराठी पान म्हणते, 'ते इंग्रजी पान माझे भावंड', पण इंग्रजी पान मराठीचे नाव घेत नसेल, तर शोधयंत्र ती जोडणी मानत नाही. असे का? उद्या कोणी परक्याने आपल्या भलत्याच पानावर लिहिले की 'हे अमक्या प्रतिष्ठित पानाचे मराठी रूप आहे', तर वाचक फसेल. सोयरीक एका घराने जाहीर करून होत नाही, दोन्ही घरांनी कबूल करावी लागते. तिसरा नियम : यादी प्रत्येक पानावर पूर्ण हवी, म्हणजे मराठीची जोडणी इंग्रजीशी आणि इंग्रजीची हिंदीशी असेल तर मराठीची हिंदीशीही हवी.

गणिताच्या शिक्षकांच्या हे लक्षात आलेच असेल. प्रत्येक घटकाचा स्वतःशी संबंध, दोन्ही बाजूंनी सारखा संबंध, आणि पहिल्याचा दुसऱ्याशी व दुसऱ्याचा तिसऱ्याशी असल्यास पहिल्याचा तिसऱ्याशी संबंध. या तीन गुणांनी युक्त संबंधाला समतुल्यता संबंध म्हणतात. अकरावीत जो कोरडा वाटतो तो विषय हाच. भाषांतरे म्हणजे समतुल्य मजकुरांचा गट.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या जोडणीमुळे पान शोधयादीत वर चढत नाही. तीन रूपांपैकी एखादे दाखवायचे ठरले, तर वाचकाला त्याच्या भाषेतील रूप देणे तिच्यामुळे शक्य होते, इतकेच. शोधयंत्र हा संकेत मानतेच असेही नाही. पण संकेतच नसेल तर मानण्याचा प्रश्नच येत नाही.

दुव्यांचे जंगल आणि मधला खांब

भाषा वाढल्या की दुवे किती वाढतात, हे मोजून पाहू. तीन भाषा असतील तर प्रत्येक पानाने दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवायचे, म्हणजे ३ × २ = ६ दुवे. नोटेवरील सतरा भाषांसाठी १७ × १६ = २७२. अडीचशे भाषांसाठी २५० × २४९ = ६२,२५०, आणि तेही एकाच विषयासाठी.

ही केवळ कल्पना नाही. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला. पुढे भाषांची संख्या अडीचशेच्या वर गेली. प्रत्येक लेखाच्या तळाशी इतर भाषांतील त्याच विषयाच्या लेखांचे दुवे लिहिलेले असत. एका भाषेत नवा लेख आला की इतर सर्व भाषांतील पाने बदलावी लागत. हे काम रात्रंदिवस चालणाऱ्या आज्ञावली करीत. एखाद्याने एका ठिकाणी चुकीचा दुवा दिला की त्याच आज्ञावली ती चूक इमानेइतबारे सगळीकडे पोचवीत.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये 'विकिडेटा' हा प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक विषयाला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक भाषेतील लेख त्या क्रमांकाला एकदाच जोडायचा. उदाहरणार्थ, पृथ्वीचा क्रमांक क्यू-२. मराठी 'पृथ्वी' आणि हिंदी 'पृथ्वी' यांची अक्षरे सारखी, तरी दोन्ही लेख वेगळे आणि दोन्ही क्यू-२ ला बांधलेले. जानेवारी २०१३ मध्ये हंगेरियन विकिपीडियाने ही पद्धत प्रथम वापरली आणि मार्च २०१३ पर्यंत ती सर्व भाषांत पोचली. अडीचशे भाषांसाठी ६२,२५० दुव्यांऐवजी २५० दुवे पुरले. ग्रियर्सन यांच्या यादीतील क्रमांकाची ही युक्ती, शंभर वर्षांनी नव्या रूपात आलेली.

मधला खांब रोवला की सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. आपल्याकडे शेतात उभी असते ती कपाशी आणि बोंडातून निघतो तो कापूस. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मग कापसाचा लेख कोणत्या क्रमांकाला जोडायचा, झाडाच्या की तंतूच्या? भाषांचे खण एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. हा निर्णय आज्ञावलीवर सोडता येत नाही. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो.

ज्यांना दोन अक्षरेही नाहीत

बोदवडला पुन्हा येऊ. हा भाग बोलींच्या सीमेवरचा आहे. पूर्वेला मलकापूरपलीकडे वऱ्हाडी, पश्चिमेकडे अहिराणी, आणि या पट्ट्यात अनेक घरांतून बोलली जाते ती लेवा गणबोली. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी याच परिसराच्या बोलीतली आहेत.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली साडेअठरा लाखांच्या आसपास भाषक नोंदले गेले. त्यांत बहुसंख्य अहिराणीचे आहेत. अहिराणीला भाषांच्या मोठ्या यादीत ए-एच-आर असा तीन अक्षरी संकेत आहे. पण गूगलने या जोडणीसाठी दिलेल्या नियमांत दोन अक्षरी संकेतांचीच यादी सांगितली आहे. त्या यादीत अहिराणी नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेली कोकणीही नाही. तिचा संकेत के-ओ-के हा तीन अक्षरीच आहे. पानावर स्वतःची भाषा म्हणून हे तीन अक्षरी संकेत लिहिता येतात आणि ते अवश्य लिहावेत. पण भावंडांच्या यादीत जागा मिळण्याची खात्री नाही. १९८८ साली एका यादीत काय बसले आणि काय राहिले, याचा परिणाम आज खानदेशातील मुलाच्या पडद्यावर उमटतो तो असा.

वर्गात करून पाहण्यासाठी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना दहाची नोट द्या आणि मागील पट्टीतील देवनागरी ओळी शोधायला सांगा. कोणती ओळ कोणत्या भाषेची हे कशावरून ओळखले, ते प्रत्येकाने लिहावे. मग फळ्यावर 'बोदवड' दोनदा लिहा. ओळखण्याचे सारे नियम येथे का थांबतात, हे मुलांनाच सांगू द्या. शेवटी सतरा भाषांचे दुवे आधी प्रत्येकी आणि मग मधल्या क्रमांकाने मोजून घ्या.

आम्ही परत येऊन आमची चूक दुरुस्त केली. प्रत्येक पानावर तीन भाषांच्या तीन ओळी आणि चौथी इतर वाचकांसाठी, अशा एका विषयामागे बारा ओळी. काम एका दुपारचे होते. जे भाषांतर करायला महिने गेले ते केवळ या बारा ओळींअभावी कोणाला दिसत नव्हते. काही आठवड्यांनी त्या शाळेतील शिक्षकांचा दूरध्वनी आला. आता मराठी पान येते, असे ते म्हणाले. त्या मुलीने ते घरी वडिलांना वाचून दाखवले, आणि शिक्षकांकडे एक प्रश्न दिला : आमच्या घरच्या बोलीतले पान कोणत्या ओळीत लिहायचे?

ओळ लिहिणे सोपे आहे. त्या बोलीतले पान अजून कोणी लिहिलेले नाही. ते आधी लिहायला हवे, आणि ते लिहू शकणारी माणसे बोदवडच्या त्या वर्गातच बसलेली आहेत.